हॅम मंडळींचं पंचांग

भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. आपण त्यांच्याकडे सहसा ढुंकूनही बघत नाही. संकष्टीचा चंद्रोदय तेवढा बघतो, कारण मोदक ताटकळलेले असतात. पण माझ्या ओळखीची काही माणसं अशी आहेत, की झोपेतून उठवून विचारलं तरी आजचा सूर्यास्त मिनिटासकट सांगतील. त्यांत एक निवृत्त इंजिनिअर आजोबा आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत, मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणारा एकजण आहे आणि नववीतली एक मुलगी आहे. भिक्षुकी किंवा ज्योतिष यांतलं कुणीच करत नाही. ही सगळी ‘हॅम’ आहेत, म्हणजे सरकारी परवाना घेतलेली हौशी रेडिओवाली मंडळी. महिन्यातून एकदा ती आजोबांच्या गच्चीवर जमतात, आणि जमायची वेळ सूर्यास्तावरून ठरते.

एका रविवारी मीही गेलो. पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या नारळापर्यंत तांब्याची तार ताणलेली होती. एकूण वीस मीटर. मधोमध तोडलेली, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. जोडाच्या जागी प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा, टोकांना नायलॉनची दोरी. मधून एक केबल उतरून टेबलावरच्या यंत्राला लागलेली. या यंत्राला हॅम ‘रिग’ म्हणतात. शेजारी चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा. जग जिंकायला निघालेल्या मंडळींचं सामान एवढंच.

साडेपाचला रिगमधून जवळपासचीच माणसं ऐकू येत होती. बेळगावचा कुणी हैदराबादच्या कुणाला अँटेना कशी बांधावी ते सांगत होता. मग ऊन उतरलं, सूर्य इमारतींमागे गेला, खाली रस्त्यावर दिवे लागले, आणि रिगचा आवाज पालटला. जवळच्या आवाजांमागून बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखे आवाज वर येऊ लागले. आजोबांनी घुंडी केसभर फिरवली. मोर्सचं लयदार डा-डिट-डा-डिट सुरू झालं आणि मुलगी म्हणाली, “आजोबा, जेए आलं!” जेए ही जपानच्या कॉलसाइनची, म्हणजे केंद्राच्या ओळखनावाची सुरुवात, जशी आपली व्हीयू. तिनं वहीत वेळ लिहिली: १३.१०. मी घड्याळ बघितलं, संध्याकाळचे सहा चाळीस झाले होते. हॅमच्या वहीतली वेळ जगभर एकच असते, ग्रीनिचची.

मुंबईहून टोकियो साडेसहा हजार किलोमीटरच्याही पलीकडे. मध्ये ना तार, ना मोबाइलचा टॉवर, ना इंटरनेट. दुपारी हाच जपान याच तारेवर मुका होता. दिवेलागणीला असं काय घडलं?

घडलं ते डोक्यावर. सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणं वातावरणाच्या वरच्या भागातल्या अणू-रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतात. त्या विद्युतभारित पट्ट्याला आयनांबर म्हणतात. त्यात थर आहेत. साठ ते नव्वद किलोमीटरवर ‘डी’ थर. बराच वर, साधारण दीडशे किलोमीटरच्या पलीकडे ‘एफ’. एफ थर आरशासारखा वागतो आणि लघुलहरी पुन्हा जमिनीकडे वळवतो. डी थर मात्र दिवसभर मध्येच बसून आजोबांच्या तारेवरच्या ४० मीटरच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की डी थर काही मिनिटांत विरतो, एफ रात्रभर टिकतो. कारण साधं आहे. खाली हवा त्यातल्या त्यात दाट, म्हणून सुटा इलेक्ट्रॉन आपल्या जोडीदाराला पटकन सापडतो. वर हवा इतकी विरळ, की तो तासन्‌तास भटकत राहतो. भरल्या बाजारात ओळखीचा माणूस लगेच भेटतो, ओसाड माळावर भेटत नाही, तसंच.

म्हणून दिवेलागण हा हॅमचा मुहूर्त. गिळणारा निघून गेलेला असतो आणि आरसा अजून लखलखीत असतो. पृथ्वीभोवती दिवस आणि रात्र यांच्या सीमेवरचा हा संधिप्रकाशाचा पट्टा अखंड फिरत असतो. त्या पट्ट्यात एकाच वेळी असलेली दोन गावं हजारो किलोमीटर लांब असली, तरी काही मिनिटं शेजारी होतात. पहाटे हाच खेळ उलट्या दिशेनं चालतो: पश्चिमेकडच्या देशांत अजून रात्र असते आणि आपल्याकडे उजाडत असतं. रिगची ताकद म्हणाल तर शंभर वॅट, पूर्वीच्या एका पिवळ्या बल्बएवढी. तेवढ्यावर आवाज सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या आत टोकियोला पोचतो.

या आरशाचा उपयोग हौशी मंडळींनी कसा शोधला, ती गोष्ट तर गंमतीचीच. १९०१ मध्ये मार्कोनीनं इंग्लंडहून पाठवलेला मोर्समधला ‘एस’ न्यूफाउंडलंडला ऐकल्याचं सांगितलं, तेव्हा शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. लहरी सरळ जातात, मग पृथ्वीच्या गोलाईला वळसा कसा घातला? पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी वर विद्युतवाहक थर असावा, असा अंदाज मांडला. तरीही समज हाच, की लांब जायचं तर लांब लहरी हव्यात. १९१२ मध्ये अमेरिकेनं रेडिओचा कायदा केला आणि हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी देऊन टाकल्या. कुणाला नको असलेलं माळरानच ते. पण डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एका तंबूत बसलेल्या पॉल गॉडली या हॅमनं टिपले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचा लिऑन डेलॉय आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांनी शंभरएक मीटरच्या लहरींवर अटलांटिकपलीकडे चक्क गप्पा मारल्या. माळरानात सोनं निघालं! मग मोठ्या कंपन्या आणि सरकारं धावत आली. आयनांबर खरोखर आहे, हे ॲपल्टननं १९२४ मध्ये प्रयोगानं दाखवलं आणि १९४७ चं नोबेल मिळवलं. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्रा यांनी याच थरांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं.

गच्चीवरची बैठक हा पंचांगाचा एक भाग झाला. दुसरा भाग टेकडीवर, भल्या सकाळी. त्याला म्हणतात फॉक्स हंट, आणि त्यात कोल्हा म्हणजे जेवणाच्या डब्यात बसवलेला छोटा ट्रान्समीटर. आदल्या रात्री कुणीतरी तो झुडपात लपवून येतं. दर मिनिटाला तो पी-पी करून आपली ओळख सांगतो, बाकीच्यांनी त्याला हुडकायचं.

हुडकायची अँटेना बघून मला हसू आलं. प्लास्टिकच्या पाइपावर सुताराच्या पोलादी टेपचे तीन तुकडे आडवे बसवलेले, प्रत्येक साधारण मीटरभर. गंमत नव्हे, यात हिशेब आहे. १४५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे दोन मीटर लांब असते आणि तिच्या निम्म्या लांबीची पट्टी तिला बरोबर पकडते. मागची पट्टी किंचित मोठी, पुढची किंचित लहान, म्हणून समोरून येणारा आवाज मोठा आणि मागचा बारीक. टेप का? घाणेरीच्या जाळीत शिरलं की ती वाकते आणि बाहेर आलं की टणकन सरळ होते.

नववीतल्या मुलीकडे तर अशी अँटेनाही नव्हती, नुसता हातातला वॉकीटॉकी. तिनं तो छातीशी धरला आणि जागच्या जागी हळूहळू गिरकी घेतली. एका दिशेला आवाज एकदम पडला. “कोल्हा माझ्या पाठीमागे आहे,” ती म्हणाली. माणसाच्या शरीरातलं पाणी ही लहर शोषतं. म्हणून आवाज कमीत कमी येतो तेव्हा आपण स्वतःच आडोसा झालेलो असतो, आणि कोल्हा पाठीशी असतो. दोन ठिकाणी अशी गिरकी घ्यायची, नकाशावर दोन रेघा मारायच्या. छेदतील तिथं कोल्हा.

पण अगदी जवळ गेलं की आवाज चहूबाजूंनी सारखाच येतो आणि माणूस वेड्यासारखा फिरतो.

“आजोबा, कुठं आहे हो? सांगा ना!”

“सांगायचाच असता तर रात्री चिखल तुडवत लपवला कशाला असता?”

शेवटी तिनं वॉकीटॉकीची अँटेनाच काढून टाकली. कान मुद्दाम कमजोर केला, की अगदी जवळचा आवाजच तेवढा उरतो. डबा करवंदीच्या जाळीत होता.

या खेळाची एक खरी, जिवावरची आवृत्ती मुंबईत खेळली गेली आहे. २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरच्या लघुलहरीवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. तो चालवणाऱ्यांतल्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या मागावर होत्या, म्हणून ही मंडळी बिऱ्हाड बदलावं तशी केंद्राची जागा बदलत राहिली. १२ नोव्हेंबरला ती पकडली गेली. तोवर सरकारची झोप उडवून झाली होती.

पंचांगात सूर्याखेरीज इतरही ग्रहगोल आहेत, माणसानं सोडलेले धरून. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक चारशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीभोवती फिरतं आणि आपल्या गावावरून जायला त्याला फार तर दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत बोलायचं. स्थानक जवळ येताना त्याचा आवाज ठरलेल्या जागेच्या जरा वर सापडतो, दूर जाताना जरा खाली. म्हणून बोट घुंडीवरच ठेवावं लागतं. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथून भारतीय विद्यार्थ्यांशी बोलले ते हॅम रेडिओवरूनच. आणि ५ मे २००५ ला इस्रोच्या पीएसएलव्हीनं श्रीहरिकोट्याहून ‘हॅमसॅट’ सोडला. तो खास या मंडळींसाठीचा उपग्रह होता, आणि नऊ वर्षं त्यानं फुकट सेवा दिली.

सगळ्यांत नवलाचा मात्र ऑस्कर-७. १५ नोव्हेंबर १९७४ ला सोडलेला हा हौशी उपग्रह १९८१ मध्ये बॅटऱ्या बिघडून गप्प झाला. मेला, असं समजून जग विसरून गेलं. २००२ मध्ये एकाला अचानक त्याचा आवाज सापडला. बिघडलेल्या बॅटऱ्या मधल्या काळात सर्किटमधून आपोआप बाजूला झाल्या होत्या आणि सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्राला मिळू लागली होती. तेव्हापासून तो उन्हात असला की जागा, पृथ्वीच्या सावलीत शिरला की बेशुद्ध. मरून एकवीस वर्षांनी उठलेलं हे यंत्र हॅमना पुन्हा कामाला आलं.

चंद्रोदयही ही मंडळी बघतात, तोही उपास नसताना. चंद्रावर रेडिओलहर आपटवून परत मिळवायचा नाद काहींना असतो. जाऊन-येऊन पावणेआठ लाख किलोमीटर. आपलाच आवाज अडीच सेकंदांनी परत येतो. येतो म्हणजे काय, वादळात कुजबुज ऐकू येईल तितपत. असे क्षीण संदेश संगणकानं गाळून काढायची पद्धत जो टेलर या हॅमनं बसवली. या गृहस्थांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय, जोडीनं फिरणाऱ्या एका पल्सारच्या शोधासाठी. विश्वाच्या टोकाचे बारीक आवाज ऐकायची विद्या त्यांनी गच्चीवरच्या लोकांना आणून दिली. डिसेंबरच्या १३-१४ तारखांना मिथुन तारकासमूहातून उल्का पडतात तेव्हा आपण तोंडातल्या तोंडात इच्छा मागतो. हॅम त्या जळत्या रेघेवरून आपली लहर परतवतात. शंभर किलोमीटरवरचा तो आरसा एखादा सेकंद टिकतो. तेवढ्यात नाव आणि उत्तर पोचवायचं.

याहून लांबचा हिशेब म्हणजे सूर्याची अकरा वर्षं. नाशिकचा सिंहस्थ गुरूच्या बारा वर्षांच्या फेऱ्यावर भरतो, हॅमचा कुंभ सूर्यावरच्या डागांवर. डाग वाढले की आरसा चकचकीत होतो आणि २८ मेगाहर्ट्झच्या आसपास दोन-चार वॅटवरही माणूस अमेरिका गाठतो. डाग ओसरले की तीच पट्टी वर्षानुवर्षं ओस. सध्याचं आवर्तन डिसेंबर २०१९ ला सुरू झालं आणि २०२४ मध्ये त्याचा बहर आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सौर वादळामुळे लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला. सूर्य असा खवळला की लघुलहरींवर कधी कधी पूर्ण शुकशुकाट होतो. आजोबा म्हणाले, “माझी ही चौथी फेरी. पाचवी बघायला मिळाली तर मिळाली!” गच्चीवर दोन क्षण कुणी बोललं नाही. मग डॉक्टर म्हणाले, “मिळेल हो, ओएम.” ओएम म्हणजे ओल्ड मॅन. जगभर हॅम एकमेकांना असंच म्हणतात, सोळा वर्षांच्या पोरालासुद्धा.

माणसांनी ठरवलेले सणही या पंचांगात आहेत. १९२५ मध्ये पॅरिसमध्ये हौशी रेडिओचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, म्हणून १८ एप्रिल हा जागतिक दिवस. ऑक्टोबरमध्ये स्काउट-गाइडची मुलं रेडिओवर जगभरातल्या स्काउटांना भेटतात. भारतभरच्या हॅमचा हॅमफेस्ट वर्षातून एकदा कुठल्या तरी शहरात भरतो. वर्षानुवर्षं फक्त आवाजानं ओळखलेली माणसं तिथं पहिल्यांदा समोरासमोर येतात, आणि जुन्या रिग, व्हॉल्व्ह, वायरी यांचा बाजार मांडला जातो. मकरसंक्रांतीला गंगासागरच्या यात्रेत पश्चिम बंगालचे हॅम हरवलेल्या यात्रेकरूंचं गाव शोधून त्यांना घरच्यांपर्यंत पोचवतात. शिवाय फील्ड डे असतोच: गावाबाहेर जायचं, ताडपत्री टाकायची, विजेचं कनेक्शन न घेता बॅटरीवर केंद्र उभं करायचं आणि रात्रभर चालवायचं. मी विचारलं, घरी वीज असताना हा त्रास कशाला? मोटर वाइंडिंगवाला म्हणाला, “वीज नसेल त्या दिवसासाठी.”

तो दिवस कुठल्याच पंचांगात छापलेला नसतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला किल्लारी हादरलं तेव्हा गणपतीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. त्या भूकंपात आणि २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात हॅम मंडळींनी संपर्काची केंद्रं उभी केली. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा एक चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेला होता, तो निव्वळ हौसेनं. अंदमानहून वर्षानुवर्षं कुणी हॅम बोललेला नव्हता आणि जगभरातले हॅम तिथल्या एका हाकेसाठी रांग लावून होते. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हलली, मग समुद्र आला, फोन बंद पडले. खेळासाठी बांधलेली अँटेना तशीच उभी होती. तिच्यावरून मदतीचे आणि खुशालीचे निरोप मुख्य भूमीला जाऊ लागले.

त्या वेळी कुणाला शिकवायला वेळ नव्हता. कुठल्या वेळी कुठली पट्टी उघडते, क्षीण आवाजातलं नाव कसं टिपायचं, बॅटरी किती तास पुरते, हे त्या माणसांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. शेकडो दिवेलागणी गच्चीवर काढल्याशिवाय ते मुरत नाही. म्हणून या बैठकांना कुणी रिकामटेकड्यांचा उद्योग म्हटलं, की मला करवंदीच्या जाळीतला डबा आठवतो. डब्याऐवजी तिथं एखाद्या वाट चुकलेल्या ट्रेकरचा वॉकीटॉकी असता, तरी त्या मुलीनं तो तसाच शोधला असता.

वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही हा परवाना मिळू शकतो. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम आणि एक सरकारी परीक्षा. जवळच्या शहरात क्लब शोधा आणि पुढची बैठक कधी आहे ते विचारा. मग भिंतीवरच्या कॅलेंडरातली ती बारीक अक्षरं वाचा, आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी गच्चीवर पोचा.